शेवटची लहान भाकरी

कुत्री रोजच्या वेळेला आली, पुढचे दोन पाय ओट्याच्या खालच्या पायरीवर टेकून रोजच्यासारखी उभी राहिली, आणि कुंदाबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. कुत्रीच्या गळ्यात पट्टा होता. कालपर्यंत नव्हता. जाड खाकी कापडाची दुहेरी पट्टी, काळ्या दोऱ्याने ओबडधोबड शिवलेली, आणि तिच्यात ओवलेला नगरपालिकेचा पितळी बिल्ला, ऊन पडलं की डोळ्यांत जाणारा. कुत्रीने मान जराशी ताठ धरली होती. नवी पोत घालून पहिल्यांदा बाहेर पडलेली बाई धरते तशी. दाखवायचंही आहे आणि दाखवतोय हे कुणाला कळायला नको आहे. कुंदाबाईने भाकरी टाकली. कुत्रीने खाल्ली, पण शेवटचा तुकडा तसाच ठेवून गेली, आणि कुंदाबाई दारात उभी राहून त्या तुकड्याकडे बघत राहिली. म्हणजे कुणीतरी तिला आधीच खाऊ घातलं होतं. कुणीतरी तिला जवळ घेऊन, हनुवटी वर करून, गळ्याभोवती हात घालून हे बांधलं होतं, आणि ती बांधून घेत उभी राहिली होती. तेच जास्त लागलं. बांधणाऱ्याचा राग नंतर आला. आधी आला तो तिच्या तशा उभं राहण्याचा.

जळगावात त्या दिवसांत कुत्र्यांचाच विषय होता. एका शाळेसमोर मुलीला कुत्रं चावलं, पेपरात आलं, आणि मग रिक्षाला भोंगा बांधून नगरपालिकेचा माणूस गल्लोगल्ली ओरडत गेला. पाळलेल्या कुत्र्याचा बिल्ला घ्या, बिल्ला गळ्यात बांधा, बाजारात, बागेत, शाळेजवळ कुत्रं मोकळं सोडू नका. बिल्ला नसलेलं कुत्रं मोकाट समजून त्याचा बंदोबस्त करण्यात येईल. बंदोबस्त म्हणजे काय ते भोंग्याने सांगितलं नाही. पण पिंजऱ्याची गाडी जुन्या गावात फिरून गेली, आणि तिच्यातून गेलेलं कुत्रं कुणाला परत दिसलं नाही, एवढं भोंग्याशिवायच सगळीकडे झालं. त्या संध्याकाळी गल्लीत ओट्याओट्यांवर बैठक बसली. कुत्री सगळ्यांची होती, म्हणजे सकाळी कुणाकडे, दुपारी कुणाकडे, आणि चोर आला तर सगळ्यांसाठी भुंकायची. "मग बिल्ला गल्लीच्या नावानेच द्या म्हणावं," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. समोरच्या घरातले कौतिक आबा बाजेवरून म्हणाले, "मालक झाला म्हणजे उद्या चावली तर पोलिसात बी त्यालाच बलावतील. ज्याला हौस असंल त्यानं व्हावं. माझ्याकडं पाहू नका." त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतंच. बाजेखालच्या सावलीवरून आबांचं आणि कुत्रीचं जुनं भांडण होतं, आणि रोज दुपारी त्यांची एक चप्पल त्या कामी लागायची. सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. कुंदाबाईनेही पाहिलं. ‘माझ्या नावाने घ्या’ असं आपण का म्हटलं नाही, ते तिने नंतर बऱ्याचदा मनात उलगडून बघितलं. म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण दुसरं कुणी म्हणतं का ते बघू, असं वाटलं, आणि तेवढ्यात लोक उठले.

तशी कुत्री तिची नव्हतीच. आपली म्हणावी अशी सोयच तिने ठेवली नव्हती. भडगावच्या बाजूला, गिरणा नदीच्या काठावर कुंदाबाईचं माहेर; तिथे आई भाकरी करताना शेवटी परातीला चिकटलेलं पीठ बोटांनी खरवडून काढायची, पाण्याच्या हाताने गोळा करायची आणि तव्याच्या कडेला एक लहान, वेडीवाकडी भाकरी लावायची. ती कुत्र्याची. ती भाकरी मोजायची नसते, घरात माणसं किती आणि भाकरी किती या हिशेबात ती येत नाही, कमी पडलं तरी ती कुणी खायची नाही. लहानपणी एकदा कुंदाने ती उचलून खाल्ली होती, गरम गरम, मीठसुद्धा न लावता, आणि आईने मारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं, "ती आपली नही शे, बाई. आपला हातनी शे, पन आपली नही." आणि कुत्र्याला नाव ठेवायचं नाही असंही आईचं होतं. नाव ठेवलं की जीव लागतो, आणि नदीकाठच्या कुत्र्यांचा काय भरवसा. उन्हाळ्यात टरबुजांच्या वाडीवर राखणीला जातात, पावसाळ्यात कधी येतात, कधी नाही. लग्न होऊन कुंदाबाई जळगावात आली, चुलीचा स्टोव्ह झाला, स्टोव्हचा गॅस झाला, लेक मोठी होऊन चोपड्याला दिली, पण परातीतलं शेवटचं पीठ कधी नळाखाली गेलं नाही. या कुत्रीलाही तिने नाव ठेवलं नव्हतं. हाक मारायचीही कधी वेळ आली नाही. कुंदाबाई भाकरी थापायला बसली, दोन्ही तळव्यांचा तो थपथप, थप, थपथप असा आवाज खिडकीतून बाहेर गेला की कुत्री कुठे असेल तिथून निघायची. आवाज थांबेपर्यंत पायरीशी. आता जिच्यावर आपण नाव टाकलं नाही तिच्यावर दुसऱ्या कुणी नंबर टाकला, तर तक्रार कुठे करायची?

शेजारच्या प्रमिलाबाईंच्या गच्चीवर त्याच दिवशी बिबड्या होत्या. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर थापायचं. एकटीचं काम नाही म्हणून दर वर्षी या कुंदाबाईकडे, कुंदाबाई यांच्याकडे. प्रमिलाबाईंचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं, आणि एरवी कुंदाबाईला ते बरं वाटायचं, रेडिओ लावल्यासारखं. त्या दिवशी मात्र ती एकेक शब्द उलटा करून बघत होती. "राणीच्या गळ्यात पाहिलं का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"कोण राणी?"

"अहो, आपली कुत्री. मी राणीच म्हणते. कशी ऐटीत फिरतेय आज, जशी नगराध्यक्षांची बायको."

"कुणी बांधला?" कुंदाबाईने खाली बघत विचारलं.

"मला काय ठाऊक वं माय!" प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि हसल्या. त्या हसल्याच कशाला? ठाऊक नाही तर माणूस ठाऊक नाही म्हणतं, हसत नाही. कुंदाबाईने गच्चीभर नजर फिरवली. कठड्याजवळ जुनी बाज उभी करून ठेवली होती, नुकतीच नवीन पट्टी विणलेली, आणि खाली उरलेल्या पट्टीचं भेंडोळं. पांढरी पट्टी होती ती, खाकी नव्हे. पण ज्याला पांढरी मिळते त्याला खाकीही मिळते. आणि प्रमिलाबाईंकडे शिवणयंत्र होतं, गल्लीतल्या अर्ध्या पोलक्यांना त्यांचीच शिवण. पट्टा तर हाताने शिवलेला, तोही मुलाने शिवावा तसा. म्हणजे मुद्दाम हाताने शिवला, कुणाला कळू नये म्हणून. एवढा विचार करून कुंदाबाई स्वतःशीच जराशी चपापली. पण विचार मागे घेतला नाही. पिठाचा गोळा घेताना प्रमिलाबाई सहज म्हणाल्या, "आणि हो, काल भरदुपारी तुमचे हे दिसले मला, टॉवरजवळ. मी हाक मारली, पण गर्दीत त्यांना ऐकू गेलं नाही. एवढ्या उन्हात कुठे निघाले होते?"

कुंदाबाईच्या हाताखालची बिबडी एका बाजूला पातळ होत गेली आणि फाटली. काल सोमवार. हे सोमवारी पहाटेच्या गाडीने धुळ्याला जातात. काल पहाटे तिने चहा केला होता, दारातून पिशवी हातात दिली होती. "दुसरं कुणी असेल," ती म्हणाली.

"असेल बाई," प्रमिलाबाई म्हणाल्या. "चाल मात्र तशीच होती."

दुसरं कुणी असेल. घरी येऊन कुंदाबाईने हात धुतले, तरी नखांत पीठ राहिलं. गिरधररावांची धुळ्याला बदली झाली तेव्हा लेकीचं लग्न नुकतंच झालं होतं, घर इथलं, मग बिऱ्हाड कशाला हलवायचं, शेवटची काही वर्षं तर आहेत, असं दोघांनी ठरवलं होतं. म्हणजे ते बोलले होते आणि तिने मान हलवली होती. देवपुरात एक खोली, पाटबंधारे खात्यातल्या दोघातिघांसारखी. शनिवारी संध्याकाळी पारोळा, एरंडोल करत एसटी यायची आणि सोमवारी पहाटे त्यांना परत घेऊन जायची. माणूस मुळातच कमी बोलणारा. पेपरातल्या बातमीला "हं", लेकीच्या पत्राला "हं", त्या भोंग्याचं तिने सांगितलं, बिल्ल्याचं, पिंजऱ्याच्या गाडीचं, तर त्यालाही "हं", आणि पान उलटलं होतं. त्या "हं"च्या मागे काही असतं की नुसती भिंतच, हे इतक्या वर्षांत तिला कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची घाईही कधी नव्हती. पण धुळ्याला गेल्यापासून ते अर्धीच भाकरी खायचे. दोन वाढल्या तर दीड, एक वाढली तर अर्धी. अर्धी ताटाच्या कडेला, नीट दुमडून. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल, लसणाचा ठेचा. ज्या माणसाने यासाठी लग्नात रुसवा काढला होता त्याची अर्धी उरते कशी? जो दुसरीकडे जेवतो त्याची उरते. आणि गेल्या महिन्यात त्यांचा पांढरा सदरा धुवायला घेतला तर छातीवरचं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं. आडवे उभे टाके, गाठीवर गाठ. ते बटण तिने लावलेलं नव्हतं. तिने सदरा पाण्यात बुडवला नाही, तसाच हातात धरून मोरीत बसली होती. पांढऱ्या सदऱ्याला काळा दोरा कोणती बाई लावते? एक तर जिला काही येत नाही ती. नाही तर जिला बायकोने बघावं असं वाटतं ती. विचारायचं कितीदा ठरवलं, पण विचारलं आणि त्यांनी "हं" म्हटलं, तर पुढे काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. आणि आता कुत्री. तीही शेवटचा तुकडा ठेवून जाते. कुंदाबाईला वाटलं, आपण जन्मभर पायरीवरून भाकरी टाकत राहिलो, आणि खाणारे सगळे गळ्यात दुसऱ्याचं काहीतरी बांधून येतात. असं वाटल्यावर तिला जरा हसू आलं, कारण गिरधररावांच्या गळ्यात बिल्ला तिला स्पष्ट दिसला. पण हसू आत कुठेतरी अडकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी कुत्री आली तेव्हा कुंदाबाईने भाकरी तिच्या पुढ्यात ठेवली आणि प्रथमच तिच्या मानेला हात लावला. केस वाटले होते त्याहून मऊ होते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात होती. बांधणाऱ्याने तेवढी जागा ठेवली होती, काचू नये म्हणून. हेही लागलं. ती बोटं तिथे राहिली असती, तर कदाचित पुढचं झालं नसतं. पण शेजारी प्रमिलाबाईंच्या दाराची कडी वाजली, आणि कुंदाबाईने मसाल्याच्या पाकिटासाठी आणलेली कात्री पट्ट्याखाली घालून दाबली. जाड कापड, एका दाबात कापलं गेलं नाही. कुत्री खात राहिली. पट्टा पदराखाली घेऊन ती आत आली, ज्वारीच्या डब्यात खोल खुपसला, वर ज्वारी सारखी केली. मग पाणी प्यायली. आपण काय केलं हे तिला पूर्ण ठाऊक होतं. बिल्ला नसलेलं कुत्रं मोकाट; गाडी जुन्या गावातून आता इकडेच यायची. पण उद्या आपण स्वतः जाऊ, आपल्या नावाचा बिल्ला आणू, आपल्या हाताने बांधू, असं तिने ठरवलं, आणि ठरवल्याने जणू बिल्ला मिळालाच असं तिला वाटलं. गाडीलाही आजच यायला सुचेल असं कुणाला वाटतं?

दुपारच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या. परातीत पीठ मळलं, पहिला गोळा घेतला, तोच बाहेर कुत्र्यांचा असा आवाज उठला की तो भुंकण्याचा नव्हता. ती तशीच धावली. मग डब्याची आठवण होऊन मागे आली, ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला, पट्टा ओढला. ज्वारी स्वयंपाकघरभर सांडली. रस्त्यावर येईपर्यंत गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. जाळीचा पिंजरा, आत पाचसात कुत्री एकमेकांत गुंतलेली, बाहेर लोखंडी चिमटे घेतलेली दोन माणसं, आणि मुकादम, अभिमन त्याचं नाव, कानाला पंचा बांधलेला, बिडी विझलेली. आपली कुत्री आतल्या कोपऱ्यात होती. जाळीकडे पाठ, शेपूट पोटाखाली.

"थांबा! ती सोडा, ती मोकाट नाही," कुंदाबाई म्हणाली. दम लागला होता. "तिचा बिल्ला आहे. हा बघा."

मुकादमाने बिल्ला पाहिला, हात लावला नाही. "अक्का, बिल्ला कुत्राना गळामा पाहिजे. हातमा धरीसन तं मीबी चार बिल्ला लई फिरस." चिमटेवाले हसले. "परवा एक बाईनी असाच बिल्ला आना, दुसराना कुत्राना. कोनी शे ती कुत्री?"

कोणाची आहे. रस्त्यावर माणसं जमली होती, प्रमिलाबाई अनवाणी धावत आल्या होत्या, बाजेवरून कौतिक आबाही उठून उभे होते. आता कुणीतरी म्हणेल, माझी. हा बिल्ला माझा. कुंदाबाई थांबली, थांबली म्हणजे श्वास घेतला, तेवढाच. कुणी म्हणालं नाही.

"मनी शे," ती म्हणाली. कित्येक वर्षांत जळगावात तिच्या तोंडून माहेरची बोली आली नव्हती. "मनी शे ती, भाऊ."

"मंग मार हाक. तुनी व्हई तं वळखी."

हाक. नाव नाही, तर हाक कशी मारायची? प्रमिलाबाई पुढे झाल्या, जाळीला बोटं लावून ओरडल्या, "राणी! राणी, इकडे बघ ना वं माय!" आणि त्यांचा आवाज फाटला. कुत्रीचा कानही हलला नाही. कुंदाबाईच्या मनात त्या स्थितीतही कुठेतरी बरं वाटून गेलं, आणि त्याची तिला लाज वाटली. मुकादमाने गाडीवाल्याला हात केला. तेव्हा कुंदाबाईने पट्टा काखेत धरला आणि दोन्ही तळहात एकमेकांवर आणले. हातांना पीठ होतं. थपथप, थप, थपथप. भर रस्त्यात, लोकांदेखत, परात नाही, गोळा नाही, ती हवेत भाकरी थापत उभी राहिली. कुणीतरी मागे हसलं. थपथप, थप. कोपऱ्यातली पाठ हलली. कुत्री उठली, दुसऱ्या कुत्र्यांच्या अंगावरून वाट काढत जाळीपर्यंत आली आणि तिने पुढचे दोन पाय खालच्या गजावर ठेवले. पायरीवर ठेवते, अगदी तसेच.

मुकादमाने बिडी पंच्यात खोचली. "तुनीच शे," तो म्हणाला. आणि पिंजऱ्याचं दार किलकिलं करत, "पन पट्टा बांधा, अक्का. पुढला टाइमले मी आयकाव नही."

परकराची नाडी कुत्रीच्या गळ्यात घालून तिला घरापर्यंत आणताना प्रमिलाबाई सोबत होत्या. डोळे पुसत होत्या आणि बोलत होत्या. "मला वाटलं, तुम्हीच बांधला पट्टा. म्हणून तर मी हसले, की बाई काय साळसूद विचारतेय. आणि पडला कसा तो?" त्यांनी पट्टा हातात घेतला, कापलेली कड बघितली. "अग माय! हा तर कात्रीने कापलाय." त्यांची नजर समोरच्या बाजेकडे गेली. कुंदाबाईने "रस्त्यात सापडला," एवढंच म्हटलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की पट्टा कौतिक आबांनी कापला. कुणी त्यांना विचारलं नाही, पण त्यांच्या ओट्याजवळून जाताना बाया आवाज चढवून बोलायला लागल्या. "माणसाला मुक्या जिवाची तरी लाज असावी," वगैरे. आबा गोंधळून प्रत्येकीकडे बघत होते, आणि त्या दिवशी त्यांनी बाजेखाली कुणाला चप्पल मारली नाही. कुंदाबाई खिडकीतून बघत होती. त्यांना सांगायला हवं होतं. ती उंबऱ्यापर्यंत गेलीही.

पण तिचं डोकं दुसरीकडे होतं. प्रमिलाबाईंचा नाही, आबांचा नाही, मग कुणाचा? कुत्री मोरीत बांधलेली होती, न्हाणीघराच्या गारव्यात झोपलेली. कुंदाबाई पट्टा घेऊन दारातल्या उजेडात बसली आणि तिने पहिल्यांदा तो नीट पाहिला. आडवे उभे टाके. गाठीवर गाठ. उठून तिने त्यांचा पांढरा सदरा काढला, छातीवरचं बटण आणि पट्टा शेजारी शेजारी धरले. हात एकच होता. शंकाच नव्हती. मग तिला ती बाई दिसली, धुळ्यातली, देवपुरातल्या खोलीत पाय पसरून बसलेली, मांडीवर खाकी पट्टी, आणि हे समोर बसून सांगताहेत, अमुक गल्ली, अमुक कुत्री, गाडी येते आहे. आणि ती बाई म्हणते, द्या इकडे, शिवून देते. तिचं हे शिवून देणं कुंदाबाईला बटणापेक्षा वाईट वाटलं. बटणापर्यंत ठीक होतं. पण माझी कुत्री तिने का वाचवावी? मग आठवलं, माळ्यावर त्यांचा अंथरूण गुंडाळायचा जुना होल्डॉल होता. स्टुलावर चढून तिने बघितलं. त्याचा एक खाकी पट्टा मुळापासून काढलेला होता. म्हणजे पट्टा इथला, टाके तिथले. तिथले कुणाचे, एवढंच आता राहिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी गिरधरराव आले, पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले. मोरीत कुत्री बघून ते क्षणभर थांबले. खाली वाकले, आणि त्यांचा हात सरळ तिच्या मानेकडे गेला, चाचपला, नाडीवर थांबला. कुत्रीने मान वर केली, तशीच ताठ. कुंदाबाई दारात उभी होती. जेवायला वाढलं, अर्धी भाकरी उरली, दुमडून ताटाच्या कडेला. ती तिने कुत्रीला घातली, आणि मग छत्री दुरुस्त करून शिवणाच्या डब्यात राहिलेली सुई, काळा दोरा तसाच ओवलेला, आणि पट्टा, असं त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे तुटलंय. शिवता?" ती म्हणाली. सोपं विचारल्यासारखं म्हणाली. त्यांनी आता ‘हे बायकांचं काम’ म्हटलं, ‘तूच शीव’ म्हटलं, तर मग ते झालंच.

त्यांनी पट्टा घेतला, दिव्याखाली सरकले, दोन्ही टोकं एकावर एक धरली आणि सुई खुपसली. एक टाका आडवा. एक उभा. गाठ. गाठीवर गाठ. अंगठ्याला टोचली तेव्हा अंगठा तोंडात घातला, आणि पुन्हा शिवू लागले. कुंदाबाई त्या हातांकडे बघत राहिली. लग्नापासून या माणसाची बटणं तिने लावली, कधी हसत, कधी रागाने लावली, आणि याला येत होतं. की तिथे आलं? तिथे खोलीत, दिवसभर कचेरी करून, एकट्याने, अर्ध्यावरच जेवण उरकून, तुटकं बटण समोर ठेवून. त्या खोलीत तिने कितीतरी महिने एक बाई बसवली होती. आता तिथे फक्त एक बल्ब होता आणि खाली वाकलेली ही मान.

"सोमवारी तुम्ही दुपारी इथेच होतात," ती म्हणाली.

"हं. बिल्ला कचेरी उघडल्यावरच देतात. पहाटे गेलो असतो तर कसा मिळाला असता?"

"मग घरी नाही आलात?"

"तू म्हणाली असतीस, कुत्रीसाठी रजा?" ते टाका ओढत म्हणाले. "मालक म्हणून नाव तुझं दिलंय. चावली कुणाला तर तू निस्तर."

ती म्हणाली असती. अगदी याच शब्दांत म्हणाली असती. तिला हसू आलं आणि या वेळी ते आत अडकलं नाही, पण ते बाहेर पडेपर्यंत गिरधरराव शिवायचे थांबले होते. दिव्याला लावून पट्ट्याची कड बघत होते.

"हा तुटलेला नाही," ते म्हणाले. "कापलाय कुणीतरी." त्यांनी उघड्या दारातून समोर पाहिलं. बाजेवर आबा पाठमोरे पडले होते. "आबांनी?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळी गल्ली हो म्हणत होती. मोरीत कुत्री अंग झाडत उठली, नाडीचं टोक फरशीवर घासलं.

"मी," कुंदाबाई म्हणाली. "मी कापला."

त्यांनी सुई पट्ट्यात टोचून ठेवली. आता ते विचारतील, का? आणि मग तिला सगळं सांगावं लागेल. प्रमिलाबाईंच्या गच्चीपासून बटणापर्यंत, अर्ध्या भाकरीपर्यंत, देवपुरातल्या त्या बाईपर्यंत, जिला तिने इतके दिवस जेवू घातलं. ती वाट बघत उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, सहसा पाहत नसत तेवढा वेळ. मग पट्टा पुन्हा गुडघ्यावर घेतला.

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "दोरा संपला. दे अजून."

तिने हाताला लागलं ते रीळ पुढे केलं. त्यांनी ते दिव्यासमोर लांब धरलं, मग जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.

"पांढरा नको गं. काळा दे. पांढरा आता दिसत नाही मला."

ती आत गेली. डबा हाताशीच होता आणि काळं रीळ सगळ्यांत वर होतं. तरी ती ते बराच वेळ शोधत राहिली.